भाषांतर-तंत्रज्ञानावरील शोधप्रबंध: कोल्हापुरातून सुरुवात कशी करावी

‘मराठी यंत्रभाषांतर: एक अभ्यास’ असा विषय मनात धरून शिवाजी विद्यापीठात नोंदणी करू पाहणाऱ्याने सर्वप्रथम तो विषय कापून लहान करावा: एक जागा, दोन भाषा आणि एकाच प्रकारचा व्यवहार. अशी जागा शोधायला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. मार्केट यार्डातले गुळाचे सौदे, निपाणी-चिकोडीकडून आलेल्या कन्नडभाषक रुग्णांची रुग्णालयातली रांग, इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचे हिंदीभाषक कामगार, यांपैकी कोणतीही एक पुरते.

यंत्राकडे वळण्याआधी तिथे आज दुभाष्याचे काम कोण करते ते पाहावे. बहुधा ती रुग्णाची मुलगी असते किंवा दोन्ही भाषा येणारा हमाल. दोन आठवडे नुसते बसून तो मध्यस्थ काय गाळतो, काय पदरचे घालतो आणि कोणाची बाजू नकळत घेतो, याच्या नोंदी कराव्यात. माझ्या मते प्रबंधाचा खरा ऐवज इथेच मिळतो. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास बोलणाऱ्याच्याच भाषेत लिहिलेले संमतिपत्र घ्यावे, रुग्णालयासाठी नीतिसमितीची मान्यता आधी मिळवावी आणि रुग्णांचा मजकूर फुकटच्या ऑनलाइन भाषांतरकात कधीही टाकू नये.

यानंतर दोनशे-तीनशे वाक्यांचा चाचणीसंच करावा. ही वाक्ये वर्तमानपत्रातून न घेता आपल्या नोंदींतूनच घ्यावीत, कारण यंत्राची परीक्षा स्थानिक शब्दांवर होते: ‘गुळाचे तीस रवे’ या शब्दांतील रवा म्हणजे ढेप, हे न कळणारे यंत्र सरळ शिऱ्याच्या रव्याकडे जाऊ शकते. व्याकरणातील पेचही मुद्दाम घालावेत. ‘आपण उद्या तपासू’ आणि ‘आम्ही उद्या तपासू’ यांतला फरक, म्हणजे ऐकणारा त्यात धरला आहे की नाही, हिंदीच्या ‘हम’मध्ये किंवा कन्नडच्या ‘नावु’मध्ये आपोआप उतरत नाही. याउलट ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना कन्नडमध्ये ‘नीनु’ आणि ‘नीवु’ अशी नेमकी जोडी आहे. तरीही मराठीतून कन्नडमध्ये जाताना इंग्रजीचा टप्पा घेणाऱ्या यंत्रणेत ती ‘यू’पाशी हरवते आणि डॉक्टर आजीबाईंना एकेरीत हाक मारू लागतात. म्हणून आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत या गटाच्या ‘इंडिकट्रान्स२’सारखी (२०२३) भारतीय भाषांत थेट भाषांतर करणारी प्रणाली आणि इंग्रजीमार्गे जाणारी प्रणाली शेजारीशेजारी तपासावी.

मूल्यमापनासाठी २००२ मध्ये मांडलेला ‘ब्ल्यू’ हा गुणांक सर्रास वापरला जातो. तो माणसाने केलेल्या नमुना भाषांतराशी जुळणारे शब्द व शब्दसमूह मोजतो. मराठीत ‘बाजारातल्यापेक्षा’ हा एकच शब्द असल्यामुळे एक प्रत्यय चुकला तरी सगळा शब्द बाद होतो. अक्षरांचे तुकडे मोजणारा २०१५ चा ‘सीएचआरएफ’ त्या मानाने न्याय्य आहे, परंतु केवळ तेवढ्यावर विसंबू नये. दोन्ही भाषा जाणणाऱ्या किमान दोन व्यक्तींना स्वतंत्रपणे गुण देण्यास सांगावे, त्यांच्यातील एकमत कोहेनच्या कप्पा गुणांकाने (योगायोगाने जुळलेली मते वगळून एकमत मोजणाऱ्या मापाने) तपासावे आणि भाषांतर ऐकणाऱ्याला ‘आता तुम्ही काय कराल?’ असे विचारावे. गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्याला सांगता आले नाही, तर गुणांक कितीही चांगला असला तरी भाषांतर फसले असे नोंदवावे.

ऑनलाइन यंत्रणा न सांगता बदलतात. त्यामुळे सर्व वाक्ये एकाच दिवशी चालवावीत, प्रत्येक उत्तर तारखेसह जतन करावे आणि मार्गदर्शकांना दाखवण्याआधी त्याची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी.