स्ट्रक्चरल ऑडिटच्या आधी आपल्या इमारतीचे कॉलम स्वतः कसे तपासावेत

इमारत तीस वर्षांची झाली की मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कायद्यानेच करावं लागतं. पण ऑडिटर येण्याआधी कमिटीने स्वतः एक फेरी मारायलाच हवी. गच्ची, टाकी, डक्ट एका सकाळी होतात. पाणी कुठे मुरतंय ते फ्लॅट नंबरसकट वहीत लिहा.

खरा वेळ तळमजल्याच्या कॉलमना द्या. मलाही सुरुवातीला सगळ्या भेगा सारख्याच वाटायच्या. प्लास्टरवरचं केसासारखं जाळं सोडून द्या. वीटकाम आणि कॉलमच्या सांध्यातली उभी भेगही बहुधा निरुपद्रवी असते. कॉलमच्या कोपऱ्याला धरून, सळईच्या रेषेत वर चढणारी भेग मात्र धोक्याची. गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट आतून ढकलते. तिथे लहान हातोडीने हलकेच ठोका. बद्द आवाज आला तर थर सुटलाय. बीमवर, टेकूजवळ तिरकी भेग दिसली तर त्याच दिवशी इंजिनिअरला बोलवा.

अशा भेगेत पुट्टी भरून रंग मारायचा सल्ला देणाऱ्याला हात लावू देऊ नका. त्याने पुरावा झाकला जातो, गंज थांबत नाही. भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, तारीख लिहा. काच तडकली तर भेग वाढतेय.

मग तळमजल्यावर काय बदललंय ते मंजूर नकाशाशी ताडून पाहा. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर फेरफार चालू होते. दुकानासाठी कॉलम तासलेला दिसला तर गप्प बसू नका, सभासद कितीही नाराज होवोत. खाली नुसते खांब आणि वर भिंतींचे मजले, अशी स्टिल्ट पार्किंगची रचना भूकंपात तळाशीच दगा देते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादला अशा इमारती पडल्या. ऑडिटरला याबद्दल वेगळं मत लेखी मागा.

नुसत्या हॅमर टेस्टवरचा (स्प्रिंगची हातोडी आपटून काँक्रीटचा कठीणपणा मोजण्याची चाचणी) अहवाल घेऊ नका, ती पृष्ठभागाचंच सांगते. कोअर चाचणी (काँक्रीटचा गोल तुकडा कापून त्याची ताकद मोजणं) आणि कार्बोनेशन चाचणी (हवेमुळे काँक्रीटची क्षारता किती खोलवर गेलीय ते पाहणं) मागा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग दाखवणारं रसायन टाकल्यावर गुलाबी रंग आला तर सळईला गंजापासून वाचवणारी क्षारता टिकून आहे. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण संपलंय. अहवालात सी-१ शेरा, म्हणजे राहायला अतिधोकादायक, आला तर दुरुस्तीची कोटेशनं मागवत बसू नका, घरं रिकामी करा.