सोनकीच्या नोंदीवर कारवीचा फोटो

कॉलेजांची हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या रोपांचे संग्रह, एकमेकांना जोडायचं काम ज्यांनी अंगावर घेतलंय, किंवा ज्यांच्या अंगावर गाईडने टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डार्विन कोर (जीवांच्या नोंदींसाठी ठरलेले रकाने) काय असतं, जीबीआयएफवर (जगभरच्या अशा नोंदींच्या खुल्या साठ्यावर) डेटा कसा चढतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर दोन दुपारी पुरतात. मीही दोन दुपारीच वाचलं आणि पुढचा सबंध पावसाळा निस्तरत बसले.

आमचं जाळं छोटंसं. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग मिळून चार कॉलेजं आणि बेळगावचं एक. मुंबईचं ब्लॅटर, पुण्यातलं बीएसआय (भारतीय वनस्पती सर्वेक्षण), कोल्हापुरातलं शिवाजी विद्यापीठाचं एसयूके, या मोठ्या संग्रहांना इंडेक्स हर्बेरिओरम या जागतिक यादीत आपापला कोड असतो. आमच्या कपाटांना फक्त कुलूप होतं आणि त्यातल्या एकाची किल्ली निवृत्त सरांच्या घरी.

पाचही कॉलेजांनी एक्सेल फाइली पाठवल्या. प्रत्येकीत अ‍ॅक्सेशन नंबर (दाखल क्रमांक) १ पासून सुरू, म्हणजे एक नंबरच्या शीट्स (रोप चिकटवलेले कागद) पाच. मी डोकं चालवलं. सगळ्या फाइली एकाखाली एक चिकटवल्या, पहिल्या रकान्यात १ पासून आकडे खाली ओढले आणि हाच ओळख क्रमांक ठरवून टाकला. शीट्सच्या फोटोंनाही तेच आकडे दिले. स्क्रीनवर इतकं देखणं दिसत होतं की मी गाईडना स्क्रीनशॉट पाठवला.

ऑगस्टमध्ये सिंधुदुर्गच्या मॅडमचा फोन आला. "अगं, माळ्यावर अजून एक गठ्ठा निघालाय, ६३ शीट्स आहेत." त्यांच्या ओळी त्यांच्याच कॉलेजाखाली हव्यात म्हणून मी त्या मधेच घुसवल्या आणि आकडे पुन्हा वरपासून खाली ओढले.

इथे जरा थांबून वाचा. सोनकीची शीट ४१२ वर होती. वर ६३ ओळी घुसल्या, ती ४७५ झाली. पण फोटोंची नावं जागची हलली नव्हती आणि ४७५ नावाचा फोटो होता कारवीचा. झालं, सोनकीच्या नोंदीवर कारवी. पिवळ्याच्या जागी जांभळं फूल आलं म्हणून हे निदान डोळ्यांत तरी भरलं. आजऱ्याच्या कारवीवर राधानगरीची कारवी बसली असेल तर ते कुणाला दिसणार? जीबीआयएफसारख्या ठिकाणी क्रमांक बदललात तर त्यांच्या लेखी जुनी नोंद गेली आणि नवी आली. तो एक घोळ. क्रमांक तोच ठेवून आतलं रोप बदललंत, तर त्याहून वाईट, कारण कुठेच बोंब होत नाही. आमचं सुदैव एवढंच की अजून काही चढवलं नव्हतं.

म्हणून क्रमांक आधी शीटवर चिकटवा, मग एक्सेलमध्ये लिहा. कॉलेजाचं आखूड नाव, पुढे आकडा, स्टिकर शीटच्या कोपऱ्यात, आणि फोटोत तो स्टिकर दिसलाच पाहिजे. शीट किडीने खाल्ली तर तिचा क्रमांक तिच्याबरोबर जाऊ द्या, दुसरीला देऊ नका. मधले आकडे गळाले तरी काही बिघडत नाही. क्रमांकात जिल्हा आणि प्रजाती घालायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी हमखास देईल. ऐकू नका. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. कारवी आमच्याकडे कार्व्हिया कॅलोसा आणि स्ट्रोबिलँथस कॅलोसा अशा दोन्ही नावांनी आहे. बदलणाऱ्या गोष्टी क्रमांकात कशाला कोंबायच्या?

फार घाबरूनही जाऊ नका. बाकीच्या चुका एकेका दुपारच्या. नकाशाच्या सॉफ्टवेअरला नुसतं 'आंबोली' दिलं तर घाटातलं रोप अंधेरीच्या आंबोलीत जाऊन उभं राहतं. लेबलवरचा मूळ मजकूर वेगळ्या रकान्यात जसाच्या तसा ठेवला असेल तर हे लगेच सापडतं. एक्सेलने १२/८/२७ चं २०२७ करणं हेही त्यातलंच. तारखेचा रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा.

ड्यूप्लिकेटचं मात्र वेगळं आहे. एकाच झाडाच्या, एकाच फील्ड नंबरच्या (हा रोप गोळा करणारा देतो) तीन शीट्स तीन कॉलेजांत असतात. मी त्या 'रिपीट' समजून उडवत होते. पण त्यातल्या एकीवर नंतर कुणा जाणकाराने नाव दुरुस्त केल्याची चिठ्ठी असते, आणि नेमकी तीच उडते. तिन्ही ठेवा, प्रत्येकीला आपला क्रमांक द्या, गोळा करणाऱ्याचं नाव आणि फील्ड नंबर यांवरून त्या आपोआप जुळतात.

दिवसाला दोनशे शीट्स टाइप करून देणारा ऑपरेटर लावू नका, असं माझं मत आहे. गाईडला पटलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की आधी पेपर काढू, डेटा मग बघू. हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता नुसती मान हलवते. मला खरं शिकवलं ते एका कॉलेजातल्या निवृत्त लॅब असिस्टंटकाकांनी. १९६३ च्या एका लेबलावर मी 'पारगाव' वाचत होते. काकांनी शीट खिडकीपाशी नेली, तिरकी धरली आणि म्हणाले, "पारगड आहे हे. सर ड ला शेपटी काढायचे." शाई उडाली होती, पण निबाचा ओरखडा कागदावर होता. असा माणूस सापडला तर त्याच्या चहाचे पैसे प्रोजेक्टमधून द्या.

आणि जुन्या शीट्सना हात लावताना हातमोजे घाला. कीड लागू नये म्हणून त्या मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवायचे, ते विष अजून कागदात आहे. मी पहिले तीन आठवडे शीट्स उलटता उलटता शेंगदाणे खात होते. आमरी (ऑर्किड) किंवा मुळासकट उपटली जाणारी औषधी रोपं असतील तर अक्षांश-रेखांश एकाच दशांश स्थळापर्यंत उघड करा, म्हणजे जागा साधारण ११ किलोमीटरपर्यंत पुसट होते. हे आधीच लिहून दिलं की कॉलेजंही डेटा द्यायच्या कागदावर सही करायला कमी कुरकुरतात.

आमच्या ४१ शीट्सवर अजून 'तपासायचं' आहे. काका ऑक्टोबरात मुलीकडून परतले की त्या खिडकीपाशी नेऊ.