‘चिवट जात’ नावाचा उंदीर नसतो: संसर्गाच्या प्रयोगात या चुका टाळा

सोलापुरात संसर्गावर काम करणारी मुलं प्रयोगाचा आराखडा दाखवायला आणतात, तेव्हा मी आधी उंदराच्या जातीचा रकाना बघतो. तिथे नुसतं ‘पांढरा उंदीर, मादी, २० ग्रॅम’ असेल तर पुढचं पान उलटत नाही.

उंदरांच्या दोन जातींबद्दलचं सगळ्यात जास्त डोकं उठवणारं पाठांतर म्हणजे ‘सी५७बीएल/६ दणकट, बॅल्ब/सी नाजूक’. लेश्मानिया मेजर या त्वचेवर जखम करणाऱ्या परजीवीच्या बाबतीत ते खरं आहे. सी५७बीएल/६ मध्ये टीएच-१ या प्रतिकारपेशींचा जोर होतो, जंतू मारायला लावणारं इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन तयार होतं आणि जखम भरून येते. बॅल्ब/सी मध्ये इंटरल्यूकिन-४ हे उलटा संदेश देणारं प्रथिन वरचढ ठरतं आणि जखम चिघळत जाते. पण जंतू बदलला की हा हिशेब मोडतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

एका विद्यार्थ्याने ब्लॅक सिक्सला, म्हणजे सी५७बीएल/६ ला, पहिलवान समजून साल्मोनेला टायफिम्युरियम हा जीवाणू टोचला. आठवड्याच्या आत उंदीर मेले. मग त्याने कल्चर बदललं, डोस नव्याने मोजला आणि मे महिना होता म्हणून गेलेल्या विजेलाही दोष दिला. दुसऱ्या खेपेलाही तेच. शेवटी माझ्याकडे आला.

“सर, कल्चरमध्येच घोटाळा आहे.”

“उंदीर कुठला?”

“ब्लॅक सिक्स. रेझिस्टंट आहे की ओ तो.”

“कशाला रेझिस्टंट?”

यावर उत्तर नव्हतं. एसएलसी११ए१ नावाचं जनुक त्याने पाहिलंच नव्हतं. त्याचं प्रथिन, पेशीने गिळलेला जंतू ज्या पिशवीत अडकतो, तिथून लोह आणि मँगनीज बाहेर काढतं. १६९व्या जागी ग्लायसिनऐवजी ॲस्पार्टिक आम्ल आलं की ते निकामी होतं. असा बदल ब्लॅक सिक्समध्येही आहे आणि बॅल्ब/सी मध्येही. १२९ जातीत जनुक शाबूत आहे, म्हणून ती साल्मोनेलापुढे जास्त तग धरते. हे जनुक १९९३ मध्ये सापडलं. माहिती काही कालपरवाची नाही.

उलट उंदरांच्या सायटोमेगॅलोव्हायरसला ब्लॅक सिक्स चांगला रोखतो, कारण त्याच्या एनके पेशींवर (बाधित पेशी मारणाऱ्या पेशींवर) एलवाय४९एच हे तो विषाणू ओळखणारं प्रथिन असतं. बॅल्ब/सी कडे ते नाही. इन्फ्लुएन्झापुढे मात्र दोघंही उघडे, कारण बहुतेक प्रयोगशाळेतल्या जातींसारखंच त्यांचंही एमएक्स१ हे विषाणूला अडवणारं जनुक मोडकं आहे.

माझी सवय साधी आहे. वहीत डावीकडे जंतू, मध्ये जनुक, उजवीकडे जात. डावा रकाना रिकामा असेल तर मी मागणीपत्रावर सही करत नाही. तासभर वाचायला कंटाळणारी मुलं पुढे सहा महिने घालवतात, आणि त्यात उंदीर फुकट मरतात ते वेगळंच.

दुसरी आवडती पळवाट स्विस अल्बिनो. स्वस्त, लगेच मिळतो, औषधांच्या चाचण्यांत आपल्याकडे सर्रास वापरतात. पण तो आउटब्रेड आहे. एका पिंजऱ्यातली भावंडंसुद्धा जनुकांनी सारखी नसतात. बॅल्ब/सी वरच्या पेपरातला डोस उचलून त्याला टोचायचा आणि आकडे पसरले की सांख्यिकीवाल्याला छळायचं, हा प्रकार मला अजिबात सहन होत नाही.

नावाची शेपटी वाचा. सी३एच/एचईजे मध्ये टीएलआर४ हे जंतू ओळखणारं प्रथिन बिघडलेलं आहे, एलपीएसला (जीवाणूच्या आवरणातल्या विषाला) तो जवळजवळ दादच देत नाही, सी३एच/एचईएन देतो. १९९८ मध्ये याच फरकाच्या मागावर ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने टीएलआर४ गाठलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा होता. तुम्ही मात्र ‘सी३एच’ एवढंच लिहून एलपीएसच्या बाटल्या बदलत बसता.

ए/जे आणि डीबीए/२ या जातींमध्ये कॉम्प्लिमेंटचा (रक्तातल्या जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या साखळीचा) सी५ घटक नसतो. ब्लॅक सिक्सच्या जे आणि एन शाखा एकच धरू नका.

कंट्रोल एका पुरवठादाराचे आणि प्रयोगाचे उंदीर दुसऱ्याचे, असं कधीच नको. आतड्यातले तंतुमय जीवाणू एकीकडे असतात, दुसरीकडे नसतात, आणि त्यांच्यामुळे टीएच-१७ या दाह वाढवणाऱ्या प्रतिकारपेशी वाढतात. शक्यतो एकाच वेताची पिल्लं घ्या. जमत नसेल तर पिंजऱ्यांमधलं वापरलेलं बेडिंग (खालचा भुसा) काही आठवडे आपसात मिसळा.

आणि पुण्याहून किंवा हैदराबादहून गाडीने आलेल्या उंदरांना दुसऱ्याच दिवशी सुई लावू नका. निदान आठवडाभर स्थिरावू द्या. एप्रिल-मेमध्ये एसी बंद पडला तर तारीख, वेळ आणि खोलीचं तापमान पिंजऱ्याच्या कार्डावर लिहा, वेगळ्या वहीत नको. ती वही ऐनवेळी कुणालाच सापडत नाही.