फियाट तापतेय? आधी ती कधी तापते ते बघा

पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, तापली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "ताई, हेड गेलं असणार." बहुतेक वेळा हेडला, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला, काहीही झालेलं नसतं. माझ्याकडे वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, साताऱ्यात, अजून रस्त्यावर. तिच्यामुळे ओळखीपाळखीच्या फियाटवाल्यांचे फोन येतात आणि प्रत्येकाला मी आधी एकच गोष्ट विचारते: गाडी नक्की कधी तापते? सिग्नलला, घाटात, की हायवेवर ऐंशीच्या वेगात? या उत्तरावर निम्मं निदान होतं, तेही एकही नट न उघडता.

हे लिहून ठेवावंसं वाटलं, कारण ही गाडी हाताखालून गेलेली माणसं आता कमी होत चालली आहेत. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून बाद झाली. टॅक्सीवाल्यांना आणि त्यांच्या मिस्त्रींना हे सगळं तोंडपाठ होतं.

सर्वात आधी सुरक्षितता. गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उकळून तोंडावर येतं. अर्धा तास थांबा. वरचा होज पाइप जाड फडक्याने दाबून बघा, तो मऊ लागला तरच झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी बदाबदा ओतू नका. ब्लॉक, म्हणजे इंजिनचा खालचा मुख्य भाग, ओतीव लोखंडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते वाकायला वेळ लागत नाही.

गाडी खरंच तापतेय का, हेही तपासा. तापमानाचा काटा आणि त्याचा सेंडर, म्हणजे इंजिनचं तापमान काट्याला कळवणारा भाग, जुने झाले की काहीही दाखवतात. हल्ली लांबून तापमान मोजणारी गन स्वस्तात मिळते, ती थर्मोस्टॅटच्या (इंजिन गरम झाल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर धरा. नव्वदच्या आसपास आकडा असेल आणि काटा लाल रेषेवर, तर दोष काट्याच्या बाजूला आहे. आणखी एक गल्लत उन्हाळ्यात नेहमी होते. एप्रिलच्या दुपारी यवतेश्वरच्या घाटात गाडी आचके देत बंद पडते, लोक म्हणतात तापली. काटा मात्र जागेवर असतो. तो गाडीच्या पेट्रोल पंपातला व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. पंपावर ओलं फडकं ठेवा, थोडं थांबा, गाडी सुरू होईल. कूलिंगमध्ये हात घालायची गरज नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे.

सिग्नलला, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, म्हणजे वारा कमी पडतोय. फॅन बेल्ट बघा. इंजिन बंद करून मधोमध अंगठ्याने दाबा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त दबला तर ढिला आहे. कडेला चकाकी आली असेल तर ताणूनही घसरणार, बदलून टाका. याच बेल्टवर पंखा, पाण्याचा पंप आणि चार्जिंग तिन्ही चालतात, त्यामुळे चार्जिंगचा लाल दिवा आणि काटा एकदम चढले तर बाकी काही शोधत बसू नका, गाडी बाजूला घ्या, बेल्ट तुटलाय. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत अडकलेले किडे आणि माती इंजिनच्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने काढा. जोरदार प्रेशर मारलं तर पात्या वाकतात.

शहरात ठीक, पण हायवेवर वेग धरला की काटा चढतो, तेव्हा पाणी नीट फिरत नाहीये. इथे माझा संशय पहिला रेडिएटरवर. आपल्याकडे वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं जातं आणि नळ्यांत क्षार बसतो. गाडी फिरवून आणा, इंजिन बंद करा आणि ती तापमानाची गन कोअरवर, म्हणजे रेडिएटरच्या नळ्यांच्या जाळीवर, वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. तापमान सावकाश, सारखं उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तिथल्या नळ्या बुजल्यात. मग रेडिएटर काढून जुन्या पद्धतीचं काम जाणणाऱ्या रेडिएटरवाल्याकडे न्या. तो वरच्या टाकीची झाळ सोडवतो, टाकी बाजूला करतो आणि चपट्या नळ्यांतून एकेक करून पट्टी घालून साफ करतो. आमच्या गाडीचं हे काम मी समोर उभं राहून करून घेतलं. पट्टीबरोबर तांबूस-पांढरी पूड निघत होती, आणि काही नळ्यांत पट्टी निम्म्यावरच अडत होती. तो कारागीर प्रत्येक नळीतून पाणी पडतं का ते बघितल्याशिवाय पुढे जात नव्हता. पितळी-तांब्याचा मूळ रेडिएटर असेल तर टाकून देऊ नका, तो असा पुन्हा उभा राहतो. त्यानंतर बोअरचं पाणी बंद. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, निम्मं-निम्मं.

रेडिएटर चांगला निघाला तर खालचा होज बघा. एकाने बॉनेट उघडून बघायचं, दुसऱ्याने ॲक्सिलरेटर दाबायचा. पंपाच्या ओढीने होज चपटा होत असेल तर तो आतून मेलाय. रेडिएटरच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंगही इथेच तपासा. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. आणि मूळच्या दाबाचंच झाकण घ्या, दुकानदार "बसतंय ना" म्हणाला म्हणून कुठलंही नको.

थंड गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापली, वरचा होज मात्र गारच, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने लटकवा, बाजूला थर्मामीटर सोडा आणि गॅस लावा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. गॅरेजवाले तो कायमचाच काढून टाका म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. महाबळेश्वरच्या बाजूला हिवाळ्यात इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइलमध्ये गाळ साठतो. नवा बसवा.

घाटातच तापते? पुण्याहून येताना खंबाटकी चढताना काटा वर जातो आणि वर पोहोचल्यावर उतरतो, अशा गाडीत मी पाण्याच्या आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते, बघते. हे फार कमी लोक करतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) उघडझाप करणाऱ्या पॉइंटची टाच घासत गेली की गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. उशिरा पेटलेल्या पेट्रोलची उष्णता चाकांपर्यंत पोहोचण्याऐवजी हेडमध्ये आणि सायलेन्सरमध्ये जाते. गाडी ओढायला मंद वाटते, तुम्ही आणखी ॲक्सिलरेटर दाबता, ती आणखी तापते. पुस्तिकेप्रमाणे गॅप लावा, मग टायमिंग. नंतर डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतला फिरणारा रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने थोडा वळवा आणि सोडा. तो टपकन मागे आला पाहिजे. अडकला तर आतली ॲडव्हान्सची, म्हणजे वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी, वजनं गंजलीत, साफ करून थेंबभर तेल द्या. कार्बोरेटरचं जेट कचऱ्याने बुजून मिश्रण पातळ झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, तरी हेच होतं. ब्रेक धरून राहत असतील तर तेही इंजिनवर येतं. चालवून आल्यावर चारही ड्रमजवळ हात न्या, एखादा वेगळाच तापलेला कळतो.

एवढं करूनही पाणी कमी होत राहिलं आणि बाहेर कुठे गळती नसली, तर मगच हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचा, विचार करा. सकाळी थंड गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन सुरू करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतात, ते सोडा. सतत येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. प्लग काढा, एखादा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर तिथे पाणी जातंय. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी आलं तर गॅस्केट त्यांच्या मधोमध फुटलंय. डिपस्टिकवर दुधी ऑइल दिसलं तर गाडी चालवूच नका. पावसाळ्यात नुसत्या ऑइलच्या झाकणाखाली जरासा दुधी थर येतो, ती बाहेरची ओल असते.

हेड काढावंच लागलं तर सपाट पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून ते वाकलंय का हे स्वतः बघा, आणि गरज असेल तेवढंच फेस मारून, म्हणजे घासून सपाट करून, घ्या. नट पुस्तिकेतल्या क्रमाने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचनेच आवळायचे. गाडी एकदा पूर्ण गरम होऊन गार झाली की टॉर्क पुन्हा तपासायला सांगा, आणि पुढचे काही दिवस सकाळी, इंजिन गार असताना, पाण्याची पातळी बघत राहा.