बटाट्यावर डाग दिसताच पंप उचलू नका: रोग ओळखताना होणाऱ्या चुका

बटाट्याच्या पानावर डाग दिसला की हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. हाताशी असेल ते औषध टाकीत पडते, चार दिवसांनी डाग वाढलेले दिसतात आणि मग 'औषधच बनावट निघाले' म्हणून विषय संपतो. कधीमधी ते खरेही असेल. पण बहुतेक वेळा औषध खरे असते, रोग वेगळा असतो. बटाट्याला बुरशी त्रास देते, जिवाणू देतात, विषाणू देतात आणि काही वेळा यांपैकी कोणाचाच संबंध नसतो. बुरशीचे औषध जिवाणूवर चालत नाही, आणि विषाणू एकदा झाडात शिरला की त्यावर कुठलेच चालत नाही.

करपा म्हणजे करपाच, असे धरून चालणे

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. करपे दोन आहेत आणि त्यांच्या सवयी उलट आहेत.

लवकर येणारा करपा खालच्या, जुन्या पानांवर सुरू होतो. डाग कोरडे, तपकिरी, आत एकात एक वर्तुळे, आणि शिरांपाशी अडल्यामुळे कडा कोनदार. त्याला ऊब आवडते, साधारण 24 ते 29 अंश. नत्र कमी पडलेल्या किंवा पाण्याचा ताण बसलेल्या पिकावर तो जास्त येतो. त्यामुळे नुसती फवारणी करून खता-पाण्याकडे दुर्लक्ष केले तर तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मात्र तो हळू पसरतो, विचार करायला वेळ देतो.

उशिरा येणारा करपा वेळ देत नाही. 10 ते 20 अंश तापमान, ढगाळ हवा, धुके आणि तासन् तास ओली राहणारी पाने, हे त्याचे हवामान. पानाच्या टोकाला किंवा कडेला पाण्यात भिजल्यासारखा काळपट डाग पडतो, भोवती फिकट हिरवी कड. खोडावरही तपकिरी-काळे चट्टे येतात. खात्री करायची तर सकाळी दव असताना पान उलटे करून बघा: डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. ऊन चढले की ती वाळून जाते, म्हणून दुपारी शेतात फेरी मारणाऱ्याला हा रोग हमखास चकवतो. हवामान जुळले तर आठवड्या-दोन आठवड्यांत हिरवे शेत उकडल्यासारखे काळे पडते. 1845 साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसे गेली, ते याच रोगाने.

हा करपा आणणारा सूक्ष्मजीव, फायटोफ्थोरा, ही खरी बुरशी नाही. दिसतो बुरशीसारखा, पण नाते काही शेवाळांशी जवळचे. म्हणूनच अनेकांचे 'सगळ्यावर चालणारे' बुरशीनाशक कार्बेन्डाझिम इथे निरुपयोगी ठरते. डाग दोन्हीकडे तपकिरीच दिसतात, त्यामुळे ही चूक वर्षानुवर्षे होत राहते.

दुसरी गफलत वेळेची. मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य औषध पानावर जिथे पडते तिथेच काम करते, तेही रोगाचे बीजाणू रुजण्याआधी. पानात शिरलेल्या रोगाला ते हात लावत नाही आणि फवारणीनंतर फुटलेली नवी पालवी उघडीच राहते. म्हणून ते हवामान बिघडायच्या आधी मारायचे. रोग दिसू लागल्यावर सायमोक्सॅनिल किंवा डायमेथोमॉर्फ या औषधांची मॅन्कोझेबबरोबरची जोडी लागते, तीही सुरुवातीलाच. निम्मे शेत काळे पडल्यावर मारलेले महाग औषध म्हणजे पैशांची फवारणी. एकच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारे, औषध पुन्हा पुन्हा मारणेही अंगाशी येते. मेटॅलॅक्झिल हे असेच औषध बाजारात आल्यानंतर काही वर्षांतच, 1980 च्या सुमारास, युरोपात त्याला न जुमानणारा करपा सापडला होता. औषधांचा गट बदलत राहा, प्रमाण लेबलवरचे घ्या आणि पानाची खालची बाजू भिजते आहे की नाही ते बघा. तुषार सिंचन असेल तर संध्याकाळी चालवू नका. पाने रात्रभर ओली राहणे म्हणजे करप्याला आमंत्रणच.

झाड सुकले म्हणून पाणी वाढवणे

जमिनीत ओल आहे, पाने हिरवीगार आहेत, तरी दुपारी झाड मान टाकते आणि काही दिवसांत उठतच नाही. हा जिवाणूजन्य मर रोग असू शकतो. अशा वेळी सरीत सोडलेले पाणी जिवाणू पुढच्या झाडांपर्यंत वाहून नेते. आधी तपासा: जमिनीलगतच्या खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत कापातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरले तर शंका राहत नाही. कंद आडवा कापला तर सालीच्या आत तपकिरी वर्तुळ दिसते आणि दाबल्यावर त्यातून चिकट पाणी येते.

याला फवारणीचा उपाय नाही. रोगट झाड कंद आणि मातीसकट काढून शेताबाहेर न्यायचे, त्या जागेवरून पुढे पाणी जाऊ द्यायचे नाही, आणि त्या शेतात काही वर्षे मका, गहू यांसारखी तृणधान्ये घ्यायची. फेरपालट म्हणून टोमॅटो किंवा वांगे लावणे ही फसवणूक आहे, कारण हा जिवाणू त्यांच्यावरही जगतो.

बारीक बटाटे बेण्याला ठेवणे

मोठे बाजारात, बारीक बेण्याला, म्हणजे पुढच्या लागवडीला. हिशेब सरळ वाटतो, पण विषाणूने खुरटलेल्या झाडाखालचे कंदच बारीक राहतात. दरवर्षी बारीक निवडले की नकळत रोगट झाडांची निवड होत जाते. पाने वर गुंडाळून कडक, चामड्यासारखी झालेली किंवा हिरवी-पिवळी ठिगळे आणि सुरकुत्या पडलेली झाडे पीक उभे असतानाच उपटा. घरचे बेणे ठेवायचे असेल तर निरोगी झाडांना खूण करून त्यांच्याखालचेच घ्या.

इथे कीटकनाशकावरही फार भिस्त ठेवू नका. पाने गुंडाळणारा विषाणू मावा किडीतून पसरायला काही तास लागतात, त्यामुळे मावा मारून तो रोखता येतो. पण पानांवर ठिगळे पाडणारा 'वाय' नावाचा विषाणू मावा काही सेकंदांच्या टोचणीत सोडून जातो. औषधाने मावा मरेपर्यंत काम झालेले असते.

बेण्याच्या फोडी करताना विळा किंवा चाकू निर्जंतुक न करणे ही छोटी दिसणारी मोठी चूक. एक सडका कंद कापला की मागून येणाऱ्या निरोगी फोडींना जिवाणू लागतो. शक्य असेल तिथे अखंड बेणे लावा.

दोन खरुजींत गल्लत

कंदावर काळे खवले दिसले तर धुऊन बघा. माती निघते, काळी खरूज निघत नाही. ती बुरशीची, बेण्यावरून येते, म्हणून बेणेप्रक्रियेने आटोक्यात येते. न कापलेले, धुतलेले बेणे 3 टक्के बोरिक आम्लाच्या द्रावणात 30 मिनिटे बुडवणे ही त्यातली जुनी पद्धत.

साल बुचासारखी खडबडीत होऊन फाटली असेल तर ती साधी खरूज, जिवाणूची. कंद धरू लागल्यापासूनचे पहिले काही आठवडे माती कोरडी राहिली की ती बळावते. लागवडीआधी चुना किंवा कच्चे शेणखत टाकणेही तिच्या पथ्यावर पडते. या काळात हलकी ओल टिकवणे हा कुठल्याही औषधापेक्षा चांगला उपाय.

काढणीची घाई

पाला हिरवा किंवा करपलेला असताना कंद काढले तर पाल्यावरचे बीजाणू थेट कंदावर पडतात. पाला कापून किमान दोन आठवडे थांबा, साल पक्की होऊ द्या. अंगठ्याने घासून साल निघत असेल तर अजून वेळ आहे. ओले, खरचटलेले कंद साठवणीत गेले की जिवाणूंची सड आणि कोरडी कूज लागते. कंद धुऊन तसेच पोत्यात भरणे तर सरळ सडीला बोलावणे.

साठवलेला बटाटा बाहेरून चांगला, कापल्यावर मात्र आत काळा निघाला आणि वासही नाही, असे झाले तर औषध शोधत बसू नका. कंदांना हवा मिळाली नाही की गाभा असा काळा पडतो. ढिगाची उंची कमी करून हवा खेळती करा.