डोंगरातल्या लांब ग्रुप रनचा फायदा हवा असेल, तर या चुका टाळा

मराठवाडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सपाट काळी रानं येतात. पळणाऱ्याला मात्र इथे डोंगराची कमतरता नाही. वरच्या अंगाला अजिंठ्याची रांग, खाली बीड, धाराशिव, लातूरकडे पसरलेला बालाघाट, नांदेडच्या टोकाला माहूर. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला गोगाबाबा टेकडी, विद्यापीठामागची लेणी आणि शहरालगतच्या सातारा परिसरातला, म्हणजे साताऱ्याचा डोंगर अगदी जवळ. जरा लांब जायचं तर सुलीभंजन, म्हैसमाळ. बीडकरांना कपिलधार, धाराशिवकरांना येडशीचं रामलिंग. रविवारी पहाटे या वाटांवर चार-सहा हेडलॅम्प ओळीने चढताना दिसले की फार बरं वाटतं.

दोन-तीन तास सावकाश पळण्याने शरीर हळूहळू बदलतं. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं, स्नायूंमधलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, साठलेली चरबी इंधन म्हणून वापरायची सवय लागते. डांबरी रस्त्यावर एकच पाऊल हजारो वेळा पडतं. इथे प्रत्येक पाऊल वेगळं, त्यामुळे घोटे, पोटऱ्या आणि कंबरेभोवतीचे स्नायू बळकट होतात. सोबत माणसं असली की तिसरा तास जड जात नाही. तरीही "एवढं डोंगरात पळतोय, पण सुधारणा नाही, उलट गुडघे धरलेत" अशी तक्रार सारखी कानावर येते. बहुतेक वेळा कारण एकच निघतं: ग्रुपचा वेग सगळ्यात पुढचा माणूस ठरवतो. तो सगळ्यात मागच्याने ठरवायला हवा. खालच्या बऱ्याचशा चुका यातूनच निघतात.

लांब रनची शर्यत करणे

सुरुवातीला सगळे गप्पा मारत निघतात. पहिला चढ लागला की कुणीतरी अर्धं पाऊल पुढे टाकतो, शेजारचा त्याला गाठतो, आणि पंधरा मिनिटांत ग्रुपमधला आवाज बंद होतो. हीच खूण लक्षात ठेवा. पळताना पूर्ण वाक्य सलग बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर श्वास घ्यावा लागत असेल, तर लांब रन संपली आणि शर्यत सुरू झाली. त्या वेगाने थकवा भरपूर मिळतो, पण दोन-तीन तास टिकून मिळणारा फायदा हातातून जातो, आणि बुधवारपर्यंत पाय मोकळे होत नाहीत.

चढावर चालण्यात कमीपणा नाही. डोंगरातल्या लांब शर्यतींमध्ये चांगले चांगले धावपटू तीव्र चढ चालतच चढतात. तळहात मांडीवर ठेवा, कंबरेतून किंचित पुढे झुका, पावलं छोटी ठेवा. खडा चढ पळून चढण्यात वेळ फारसा वाचत नाही, दम मात्र भरपूर जातो.

यापेक्षा बारीक एक चूक आहे आणि ती जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये होते. पुढचे चौघं वर पोचतात, दगडावर बसतात, पाणी पितात, फोटो काढतात. दहा मिनिटांनी मागची दोघं धापा टाकत पोचतात. "आले का? चला!" म्हणत पुढचे उठतात. म्हणजे ज्यांना विश्रांतीची गरज नव्हती त्यांना ती मिळाली, आणि ज्यांना होती त्यांना अजिबात नाही. तिसऱ्या थांब्यापर्यंत मागची ताई किंवा दादा पार गळून जातात, आणि पुढच्या रविवारी येत नाहीत. नियम सोपा आहे: शेवटचा माणूस पोचला, त्याने पाणी प्यायलं, श्वास खाली बसला आणि तो स्वतः "चला" म्हणाला, की मगच निघायचं. ज्यांचा दम उरला आहे त्यांनी थांबून न राहता उलट खाली जाऊन मागच्यांना गाठावं आणि पुन्हा चढावं. त्यांनाही जास्तीचा चढ मिळतो, ग्रुपही एकत्र राहतो.

घड्याळातल्या किलोमीटरवर चालणे

जालना रोडवरचे 15 किलोमीटर आणि साताऱ्याच्या डोंगरातले 15 किलोमीटर यांची तुलना करू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला होता: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. पळणारे त्याहून लवकर पोचतील, पण चढाईचा हिशेब वेगळा धरायचा हे तत्त्व तेच. म्हणून ग्रुपवर "18 किमी" असं टाकण्यापेक्षा "अडीच तास, सोपा वेग" असं टाका. नव्या माणसाला आपण कशात पाय घालतोय ते नीट कळतं.

फाट्यावर न थांबणे

आपल्याकडच्या डोंगरांवर आखलेल्या वाटा कमी, ढोरवाटा जास्त. माथ्यावरच्या पठारावर एका वाटेच्या तीन वाटा होतात, तिन्ही सारख्याच मळलेल्या, तिन्हींवर शेळ्यांच्या लेंड्या. त्यातली एक देवळाकडे उतरते, दुसरी कुठल्यातरी बोरीच्या जाळीत जाऊन संपते. पुढचा माणूस वळून दिसेनासा झाला की मागचा अंदाजाने जातो. फाट्यावर पोचलेल्याने मागचा माणूस डोळ्याला दिसेपर्यंत तिथेच उभं राहायचं. शेवटी एक अनुभवी माणूस ठेवा, प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे द्या, आणि त्याच्या मागे कुणीही राहणार नाही हे सगळ्यांना निघतानाच सांगा. लघवीला जाणाऱ्यानेही त्याला सांगून जायचं. वाटेत शेळ्या राखणारे कुणी भेटले तर "मामा, ही वाट खाली उतरती का?" एवढं विचारायला लाजू नका. घड्याळातल्या नकाशापेक्षा त्यांना त्या डोंगराची माहिती जास्त असते.

पाण्याचा अंदाज चुकणे

इथे जास्त वेळ थांबायला हवं, कारण मराठवाड्यात गडबड होते ती बहुधा याच ठिकाणी. होळीच्या आसपास बहुतेक ओढे कोरडे पडलेले असतात. पठारावर सावली नसते, आणि काळा बेसाल्ट ऊन शोषून पायाखालून परत फेकतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा "आठला परत येऊ" असं ठरवून सहाला निघणं म्हणजे उशीरच. उन्हाळ्यात अंधारातच निघा, आठच्या आत गाडीपाशी या, आणि रन लहान करा. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेगाची अपेक्षा ठेवू नका.

किती पाणी न्यायचं हे दुसऱ्याला विचारून कळणार नाही. एकदा रनच्या आधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर साधारण एक लिटर घाम गेला, त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवा. हिवाळ्यात अनेकांना तासाला अर्धा लिटर पुरतं, उन्हाळ्यात नाही. वर टाकं असेल, कुंड असेल, या भरवशावर जाऊ नका. असलं तरी ते पाणी न गाळता, न शुद्ध करता पिण्यासारखं नसतं.

उलट बाजूची चूकही तितकीच धोक्याची आहे. भीतीपोटी लिटरच्या लिटर साधं पाणी पीत राहिलं, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, हाताची बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. तहान लागेल तसं प्या, आणि एका तासाच्या पुढे जाणार असाल तर मीठ-साखर असलेलं काही सोबत ठेवा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या बाटलीत कालवलं की पोटात ढवळतं.

सोबतचा माणूस बरळायला लागला, पावलं वेडीवाकडी पडायला लागली, तर तो उष्माघात धरूनच वागा. सावलीत घ्या, अंगावरचे जाड कपडे काढा, उरलेलं सगळं पाणी डोक्यावर, मानेवर, काखेत ओता आणि टोपीने वारा घाला. त्याच वेळी दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

खाण्याचं थोडक्यात: उपाशीपोटी तीन तास नको. तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एक केळं साधारण 25 ग्रॅम देतं. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, गुळाचा खडा चालतो. शेंगदाण्याची चिक्की चविष्ट, पण पळताना पोटात जड पडते. ती खाली आल्यावर, सुशीला (चुरमुऱ्यांचा नाश्ता) किंवा धपाटे-दह्यासोबत.

उतारावर सोडून देणे

चढताना दमतो म्हणून चढाला सगळे मान देतात. पाय मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो, आणि या प्रकारच्या कामात त्याचे तंतू जास्त दुखावतात. म्हणून सोमवारी बरं वाटतं आणि मंगळवारी जिना उतरवत नाही. चांगली गोष्ट अशी, की एकदा बेताने उतार पळलात तर पुढचे काही आठवडे तोच उतार कमी दुखवतो. उताराचा सराव हवाच, पण थोडा थोडा.

आपल्या डोंगरांवर टणक खडकावर मुरमाचा पातळ थर असतो, आणि त्यावर बूट ज्वारीच्या दाण्यांवर पडल्यासारखा घसरतो. मागे रेलून टाच रोवली की हमखास बसकण. त्यापेक्षा पावलं छोटी आणि भरभर टाका, गुडघा किंचित वाकलेला, हात बाजूला मोकळे, नजर तीन-चार पावलं पुढे. दोघांमध्ये चांगलं अंतर ठेवा. पायाखालून दगड सुटला तर जोरात "दगड!" असं ओरडा, खालच्याने वर बघायचं नाही, बाजूला व्हायचं.

ऋतू न बघता तीच वाट धरणे

पावसात बेसाल्टवर शेवाळ येतं, तेव्हा कातळाच्या पायऱ्या सोडून मातीची वाट घ्या. दसऱ्याच्या सुमारास गवत कमरेला लागतं आणि त्याखालचा दगड, खड्डा, घोणस काहीच दिसत नाही. अशा वेळी चालायचं. दिवाळीनंतर तेच गवत वाळून कुसळं मोज्यात शिरतात, शिवणीतून आत सरकतात आणि घोट्याला टोचत राहतात. घट्ट विणीचे मोजे किंवा गेटर (बुटावरून घोट्याभोवती बसणारं कापडी आवरण) घाला आणि थांब्यावर मोजा उलटा करून कुसळं काढा, नाहीतर त्या टोचणीने पाऊल वाकडं पडायला लागतं. लेण्यांच्या आणि कड्यांच्या बाजूला आग्या मोहोळं असतात, तिथे धूर, अत्तर, आरडाओरडा नको. साप चावला तर बांधणं, चिरणं, चोखणं काही करू नका. तो अवयव हलवू न देता माणसाला प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात पोचवा. गौताळा हे अभयारण्य आहे, तिथे बिबट्याही आहे. वनखात्याची परवानगी आणि पुरता उजेड असल्याशिवाय तिथे ग्रुप नेऊ नका.

दुखणं अंगावर काढणे

उतारानंतर अंगठ्याचं नख काळं पडत असेल, तर बूट आखूड आहे किंवा लेस ढिली आहे. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवा आणि उतरण्याआधी लेस पुन्हा आवळा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उतारावरच कळ येत असेल, तर काही आठवडे उतार कमी करा आणि कंबरेच्या बाजूच्या स्नायूंचे व्यायाम करा. हाडावर एकाच बिंदूला दुखत असेल आणि दाबल्यावर कळ येत असेल, तर पळणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. रनच्या आधी वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत काही ग्रुपमध्ये आहे, ती बंद करा. पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मंगळवारी संध्याकाळी ग्रुपवर सगळ्यांना, विशेषतः नव्या माणसाला, पाय कसे आहेत ते विचारा. निम्म्यांना जिना उतरवत नसेल तर येत्या रविवारी म्हैसमाळ नको, गोगाबाबाच्या पायथ्याची सपाट वाट घ्या.