गाडीचं ॲव्हरेज पडलंय? खिशाला चाट लावणाऱ्या या चुका टाळा

ब्रोशरवर २२ छापलेलं असतं आणि हिंजवडीच्या सकाळच्या गर्दीत गाडी १४ च्या वर जात नाही. मग वाटतं, एक तर आपल्याला फसवलं किंवा गाडीतच खोट आहे. बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. ब्रोशरवरचा आकडा रस्त्यावर निघालेलाच नसतो. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या, गाड्या तपासणाऱ्या संस्थेत गाडी रोलरवर चढवतात, एसी बंद ठेवतात आणि ठरलेल्या चालीने पळवतात, तीही ताशी ९० च्या आत. तिथे ट्रॅफिक नाही, खड्डे नाहीत, मागच्या सीटवर तीन माणसं नाहीत. त्यामुळे गाडीची तुलना ब्रोशरशी करू नका, तिच्याच मागच्या महिन्याशी करा.

त्यासाठी आधी मोजावं लागतं, आणि इथेच पहिली चूक होते. ‘पाचशेचं टाका’ म्हणून पेट्रोल भरणाऱ्याला आपली गाडी किती देते हे कधीच कळत नाही. डॅशबोर्डवरचा आकडा अंदाज म्हणून ठीक आहे, पण तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. खरी पद्धत जुनीच आहे. टाकी ऑटो कट होईपर्यंत, म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. तीन-चारशे किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुन्हा पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. ४२० किलोमीटर झाले आणि ३० लिटर बसलं, तर ॲव्हरेज १४. असं लागोपाठ दोन-तीनदा करा, कारण एका वेळच्या आकड्यात चूकभूल राहते. कट झाल्यावर ‘अजून थोडं बसेल’ म्हणत काठोकाठ मात्र भरून घेऊ नका. पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा गाडीत असतो, त्यात पेट्रोल शिरलं की तो खराब होतो आणि खर्च उगाच वाढतो.

मोजायला लागलात की एक गोष्ट लक्षात येईल. महिन्याला १,००० किलोमीटर चालणारी गाडी १० वरून १२ वर आली, तर जवळपास १७ लिटर वाचतात. १८ वरून २० वर आली, तर साडेपाचच. म्हणजे घरात दोन गाड्या असतील तर कमी देणाऱ्या गाडीकडे आधी बघा. पैसा तिथेच गळतोय.

घाट न्यूट्रलमध्ये उतरणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण इथे पेट्रोल वाचत नाही आणि जीव मात्र टांगणीला लागतो. खंबाटकी असो, बोरघाट असो नाहीतर कसारा, उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची सवय कार्ब्युरेटरच्या काळापासून चालत आली आहे. आजच्या गाड्यांत इंजेक्टर असतात. गाडी गिअरमध्ये आहे, ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचललाय आणि इंजिन बऱ्यापैकी फिरतंय, अशा वेळी गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल चक्क बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत असतात. न्यूट्रल टाकलं की इंजिनाला बंद पडू न देण्यासाठी तो पुन्हा पेट्रोल सोडायला लागतो. उतारावर नाहीतरी वेग आवरावाच लागतो, मग ते काम इंजिनाला फुकटात करू द्या.

न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. लांबलचक उतारावर ब्रेक दाबून दाबून तापतात, जळका वास येतो आणि मग पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. काहीजण याहून पुढे जाऊन इंजिनच बंद करतात. तसं केल्यावर ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन दाबांत संपते, पॅडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टिअरिंग जड पडतं. हे कधीही करू नका. ज्या गिअरवर घाट चढता, त्याच गिअरवर उतरा.

एक्सप्रेसवेवर घाई

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे ९४.५ किलोमीटरचा आहे. तो सरासरी ८० ने कापला तर ७१ मिनिटं लागतात, १०० ने साधारण ५७. वाचलेली चौदा मिनिटं वाकड किंवा वाशीच्या गर्दीत कुठे जातात ते रोज जाणाऱ्याला सांगायला नको. रिकामं कॅरिअर छतावर तसंच ठेवलं असेल तर हायवेवर ते वारा अडवत राहतं. गावाहून आलात की काढून ठेवा.

शहरात मात्र वेगापेक्षा पाय महत्त्वाचा. पुढचा सिग्नल लाल दिसत असताना जोरात पळवून शेवटी कचकन ब्रेक मारायचा, म्हणजे आत्ताच जाळलेलं पेट्रोल ब्रेकच्या उष्णतेत घालवायचं. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार अशा आततायी चालवण्याने गर्दीत ॲव्हरेज १० ते ४० टक्क्यांपर्यंत पडतं. पेट्रोलमध्ये ओतायची बाजारातली कुठलीही बाटली एवढं भरून काढत नाही. लाल सिग्नल लांबून दिसला की पाय उचला आणि गाडी गिअरमध्येच पुढे येऊ द्या. हाफ क्लचवर सरकत राहणंही सोडा, त्यात क्लच प्लेट जाते. सिग्नलला अर्धा मिनिट थांबायचं असेल तर इंजिन बंद केलेलं परवडतं.

एसी लावावा की काचा उघडाव्यात, या वादाचं उत्तर थोडक्यात: शहरातल्या हळू वेगात काचा उघड्या चालतात, हायवेवर काचा बंद करून एसी लावा.

हवा तापलेल्या टायरात तपासणं

हायवेवरून आल्या आल्या पंपावर हवा बघितली की मशीन ३७ दाखवतं. हवावाला म्हणतो ‘जास्त आहे’ आणि काढून ३३ करतो. टायर चालून तापला की दाब तीन-चार पीएसआयने वाढतोच. संध्याकाळी टायर थंड झाला की तोच आकडा २९-३० वर येतो आणि गाडी महिनाभर कमी हवेवर पळते. हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. आकडा घ्यायचा तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नाही. योग्य हवेने फार तर तीन टक्के फरक पडेल, पण तो जवळजवळ फुकटात पडतो आणि टायरही एकसारखे झिजतात. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही; साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

नको तिथे पैसे घालणं

जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल म्हणजे जास्त ताकदीचं पेट्रोल नव्हे. ऑक्टेन म्हणजे इंजिनात ठोके न पडू देण्याची क्षमता. मॅन्युअलमध्ये ९१ लिहिलं असेल तर जादा मोजलेले पैसे ॲव्हरेजमधून निघत नाहीत. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक आणि डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खुपसायचे ‘इको’ प्लग तर सरळ टाळा. एअर फिल्टरबद्दलही गैरसमज आहे. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. फिल्टर वेळेवर बदला, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. ऑईलच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑईल असताना गॅरेजवाल्याने ‘आपल्याकडच्या उन्हाला जाडच बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं, तर इंजिनाला ते जड ऑईल ढकलण्यातच इंधन घालवावं लागतं.

अचानक पडलं तर

ॲव्हरेज २०२५ च्या सुमारास हळूच एक-दोन आकड्यांनी उतरलं असेल, तर कारण टाकीतच असू शकतं. पंपांवर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या, ई१० ला जुळवलेल्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती. ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्यांसाठी १ ते २ टक्के. एवढीच घट असेल तर गॅरेजमध्ये पैसे घालू नका. १५ ची गाडी ११ वर आली असेल तर मात्र दोष शोधावाच लागेल.

सुरुवात चाकांपासून करा. फारसे ब्रेक न मारता आठ-दहा किलोमीटर चालवा, थांबा आणि चारही रिमजवळ तळवा न्या, हात टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर त्याचा ब्रेक धरून राहतोय. कोकणात पावसाळ्यात गाडी हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवली की मागचे ब्रेक असे चिकटतात. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करणं बरं.

मग तापमानाचा काटा पाहा. वीस मिनिटं चालवूनही तो नेहमीच्या जागी येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, उघडा अडकलेला असू शकतो. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. पिवळा चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅन करून घ्या. ऑक्सिजन सेन्सर गेला की ॲव्हरेज खूप खाली येतं, आणि गाडी तरीही चालत राहते म्हणून लोक महिनोन्‌महिने दुर्लक्ष करतात. ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. टायर एकाच कडेला झिजलाय, तर अलाइनमेंट.

यातलं काहीच निघालं नाही आणि मापाचीच शंका आली, तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप मागा. ते प्रत्येक पंपावर ठेवावं लागतं आणि ग्राहकाला त्यातून मोजून दाखवावं लागतं. शंका खरी निघाली तर वैधमापन विभागाकडे तक्रार करा. पावती जपून ठेवा.